पाव तासाचा सोयरा

न्यूट्रॉनचा अभ्यास करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यांच्यातच माझी सगळी नोकरी गेली. पण न्यूट्रॉनची काळजी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो जालन्यात राहत होता. ते आमचे सर, कॉलेजात आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायचे. जालना जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. कलेक्टर नवे, पाट्या नव्या, आणि चहाच्या टपरीपासून कोर्टाच्या आवारापर्यंत सगळीकडे एकच चर्चा, की आता आपल्याकडे काय काय येणार. सरांना कुणी हे विचारलं की ते शांतपणे म्हणायचे, "बाकीचं येईल तवा येईल. न्यूट्रॉन आधीपासूनच हायेत." विचारणारा मान हलवून निघून जायचा. सरही निघायचे, सायकल हातात धरून. ती सायकल त्यांना चालवताना मी कधी पाहिली नाही. चालवायला बसलं की विचार करता येत नाही, आणि विचार करायला लागलं की सायकल नाल्यात जाते, एवढ्या अनुभवावरून त्यांनी ती फक्त सोबतीला ठेवली होती.

सरांच्या दिवसाची सगळी घडी पाव तासावर बसलेली होती. न्यूट्रॉन अणूच्या पोटात, आपल्या घरात असतो तोवर युगानुयुगं सुखरूप राहतो. पण एकदा घराबाहेर मोकळा सुटला की सरासरी पाव तासात मोडतो आणि त्याचं दुसरंच काहीतरी होऊन बसतं. हे सांगताना सरांचा आवाज खाली यायचा. 'सरासरी' हा शब्द ते फळ्यावर लिहून त्याच्याखाली रेघ मारायचे. एखादा सुटल्या सुटल्या जातो, एखादा तासभर हिंडतो, कोण कधी जाईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण लाखभर एकत्र धरले की हिशेब बरोबर लागतो. हे असं का, ते अजून कुणालाच नीट माहीत नाही, असं म्हणून ते खडू हातात धरून खिडकीबाहेर बघत उभे राहायचे आणि पन्नास पोरांचा वर्ग श्वास रोखून बसायचा. प्राचार्यांची मीटिंग लांबली की ते उठून उभे राहत आणि एक पिढी गेली, एवढंच सांगून खाली बसत. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना त्यांनी त्याला हाच प्रकार समजावून दिला होता, आणि तो बिचारा तेव्हापासून सरांची दाढी घाईघाईनं उरकायचा. काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, मात्र या विषयातला अधिकार सगळ्यांत मोठा. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी आमचे हे चार न्यूट्रॉनांची हयात घालवून येतात, असं त्या आल्यागेल्याला सांगत.

त्यांची शिकवण्याची रीतही तशीच. स्टाफरूममधला कॅरम त्यांनी उचलून वर्गात आणला होता. सोंगटी बोर्डाच्या कडेवर मारली की तेवढ्याच जोरानं परत येते. तीच समोरच्या सोंगटीवर नेमकी बसली की स्वतः जागच्या जागी थांबते आणि समोरची पळते. न्यूट्रॉनचंही हेच, सर सांगत. जड पोलादावर आपटला तर त्याचं काही बिघडत नाही. पण पाण्यात त्याच्याच वजनाचे हायड्रोजन असतात, त्यांच्यात सापडला की धडका खाऊन खाऊन दमून जातो. मग ते खिडकीतून कारखान्यांच्या धुराकडे बोट करत. आमच्या गावात पोलादाच्या गिरण्या मुबलक आणि पाण्याची कायमची बोंब. नळाला पाणी आलं की लोक ऑफिसातून अर्धी रजा टाकून घरी पळायचे. तेव्हा न्यूट्रॉनच्या दृष्टीनं पाहिलं तर जालना हे अगदी उघडं गाव आहे, असा सरांचा निष्कर्ष होता. परगावी जाताना ते पाच लिटरचा पाण्याचा कॅन सोबत न्यायचे. जालन्याचं पाणी मिळणं कठीण, पण एकदा मिळालं की त्याच्यासारखं पचायला दुसरं नाही, असं त्यांचं मत होतं.

मुंबईच्या अणुभट्टीच्या केंद्रात तेव्हा लहान गावांतल्या कॉलेजांसाठी उन्हाळ्यात एक महिन्याचं प्रशिक्षण असायचं. खऱ्याखुऱ्या प्रयोगात हात घालून काम करायचं, शास्त्रज्ञांच्या बरोबरीनं. प्रत्येक कॉलेजातून एक विद्यार्थी आणि एक शिक्षक. सरांनी पहिल्याच वर्षी उलट टपाली कळवलं, की आमच्याकडच्या शिक्षकाला अडचण आहे, त्याच्या जागी आणखी एक विद्यार्थी घ्यावा. ते मान्य झालं आणि मग तो रिवाजच पडला. दर वर्षी दोन पोरं जायची आणि दर वर्षी सरांना अडचण यायची. पहिल्या वर्षी मुलीची परीक्षा होती, दुसऱ्या वर्षी मेहुण्याचं घर बांधायचं होतं. तिसऱ्या वर्षी काही सुचेना, तेव्हा त्यांनी म्हैस विणार असल्याचं लिहिलं. सरांकडे म्हैस नव्हती. दूध ते गवळ्याचं घ्यायचे. पण कारण खपलं आणि पुढं कायमचं तेच लागू झालं, त्यामुळे ती म्हैस दर मे महिन्यात न चुकता वीत राहिली.

त्या दोन पोरांची निवड मार्कांवर होत नसे. सर उमेदवाराला बसस्टँडच्या फाटकापाशी उभं करायचे. पाव तास आत येणारी माणसं मोजायची, मग चहा प्यायचा, मग पुन्हा पाव तास मोजायची आणि दोन्ही आकडे आणून द्यायचे. एकानं दोन्ही वेळेला तंतोतंत सारखा आकडा आणला. सरांनी त्याच्याकडे मायेनं पाहिलं आणि म्हणाले, "बाळा, तू चहा दोनदा पिलास, मोजलं एकदाच." माझे आकडे बरेच वेगळे आले होते. यातला खरा कोणता, असं सरांनी विचारलं. माझी पाचावर धारण बसली. मी आष्टीचा, शेतकऱ्याच्या घरचा. आपलंच मोजणं चुकलं म्हणायची भीती आणि बरोबर आलं म्हणायचीही भीती. दोन्ही खरे असतील सर, असं मी कसंबसं म्हणालो, आणि सरांनी माझी पाठ थोपटली. निसर्ग एकच आकडा दोनदा देत नसतो, जो देतो त्याच्यावर संशय घ्यायचा, हे मला पुढे मोठ्या मोठ्या लोकांनी मोठ्या मोठ्या समीकरणांतून शिकवलं. सरांनी ते घनसावंगीच्या जीपमधून उतरणाऱ्या माणसांवर शिकवून ठेवलेलं होतं.

त्या महिन्यानं माझं आयुष्य बदललं, हे सरळच सांगतो. मनमाडला गाडी बदलून मी मुंबईला गेलो तो डोक्याला तेल चोपडलेला, बुजलेला पोरगा होतो. त्या उंच दालनात शिरलो, खाली पाण्यात बुडालेली भट्टी पाहिली, आणि त्या पाण्यात निळा उजेड होता. दिव्याचा नव्हे, आभाळाचा नव्हे, असा निळा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. भिंतीतल्या एका भोकातून न्यूट्रॉनचा झोत बाहेर काढलेला होता. तो दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याला वास नाही. समोरच्या मोजणीच्या काउंटरवर लाल आकडे पळतात तेवढाच तो असल्याचा पुरावा. मी त्या आकड्यांपुढे किती वेळ उभा होतो कोण जाणे.

परत आल्यावर आधी घरी जायचं नाही, असा सरांचा दंडक होता. ट्रंक घेऊन मी थेट त्यांच्या दारात. काकूंनी पोहे दिले. सरांनी घरातली एकुलती एक खुर्ची माझ्यासाठी ओढली आणि स्वतः समोर जमिनीवर मांडी घालून बसले. मी अवघडून उठायला लागलो तर त्यांनी हातानंच खाली बसवलं. ज्यानं पाहिलं त्यानं वर बसायचं, म्हणाले. मग प्रश्न सुरू झाले. यंत्रांचं, मापांचं त्यांनी काही विचारलं नाही, ते पुस्तकात असतं. भट्टीच्या दालनात शिरल्यावर आपला आवाज आपोआप खाली येतो का? आला होता, मी म्हणालो. मंग बराबर, असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. आणि आकडे पळायला लागले तेव्हा काय वाटलं? मी खूप विचार केला आणि म्हणालो, "कुणीतरी आहे असं वाटलं." काकूंचा भाजी निवडणारा हात थांबला. त्यानंतर कित्येक वर्षं नव्या वर्गाला ते सांगत असत, की आष्टीच्या पोराची साक्ष आहे, तिथं कुणीतरी आहे असं वाटतं.

यथावकाश मी त्याच केंद्रात नोकरीला लागलो. सरांची पोरं दर उन्हाळ्यात माझ्याकडे यायची आणि आमचे विभागप्रमुख, मितभाषी गृहस्थ, दर वर्षी मला एकच प्रश्न विचारायचे: तुमच्या सरांची म्हैस कशी आहे? बरी आहे, मी सांगायचो. सरांना कितीदा बोलावलं असेल त्याला गणती नाही. ते हसून विषय बदलायचे. पोरांना जागा मिळावी म्हणून सर येत नाहीत, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, आणि ते खरंच होतं. फक्त तेवढंच खरं नव्हतं, हे मला त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं तेव्हा कळलं.

त्या वर्षी मी सुट्टीवर आलो होतो आणि सरांच्या घरी बसलो होतो. भोकरदनकडची एक मुलगी निवडली गेली होती. तिची परीक्षा गाजली होती. बसस्टँडवर मोजून आल्यावर आकडे द्यायच्या आधी तिनंच सरांना विचारलं होतं, की मी फाटकात उभी दिसले म्हणून दोन बाया भोकरदनची गाडी विचारायला आत आल्या. मी नसते तर त्या आल्याच नसत्या, मग त्यांना मोजायचं का? असा प्रश्न आजवर एकाही पोरानं विचारला नव्हता. सरांना त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही, असं काकू सांगत होत्या. एकसारखे त्या दोन बायांबद्दलच बोलत होते म्हणे. आता ती मुलगी आणि तिचे वडील समोर बसले होते. वडील सरळ माणूस, कपाशीचं रान सोडून आलेले. ते म्हणाले, "सर, पोरगी हुशार हाये, मला दिसून राह्यलंय. पर तिकडं मी कुणाला वळखतो? तुम्हाला वळखतो. तुम्ही संगं असाल तर न्या, न्हाईतर न्हाई." सरांनी माझं नाव पुढं केलं, मी तिथंच असतो म्हणून. काकूंचंही केलं. वडील मान हलवत राहिले. मग मुलगी हळूच म्हणाली, "राहू द्या सर. माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या." सर एकदम उठले आणि सायकल घेऊन बाहेर पडले. मी मागोमाग गेलो.

मोती तलावाच्या बाजूला बरंच अंतर आम्ही चाललो. मग सर सायकलच्या घंटीकडे बघत म्हणाले, "इतकी वर्सं मी न्यूट्रॉनची सोयरीक सांगत आलो. सगळ्या पोरांना म्हणलं, माझा सोयरा हाये. अन् समोर गेलो, अन् त्यानं वळखलंच न्हाई तर? आपण आलो काय, गेलो काय, त्याला काहीच फरक न्हाई पडला तर? मंग पुढच्या वर्गापुढं कोणत्या तोंडानं उभा राहू?" मला हसू आलं नाही. न्यूट्रॉनला कुणाचंच काही नसतं. त्याच्यावर विद्युतभार नाही, त्याला ना कशाची ओढ ना कुणाशी वैर, लोखंडातून जातो तसा माणसांतून जातो. हे सरांनीच मला शिकवलेलं होतं, तेव्हा त्यांना काय सांगणार? पाव तासानं आम्ही परत आलो तेव्हा बापलेक निघायच्या तयारीत दारात उभे होते. सरांनी सायकल भिंतीला लावली, घाम पुसला आणि वडिलांना म्हणाले, "म्हशीला ह्या वर्षी दुसरं कुणी सांभाळंल. येतो मी."

मे महिन्यात सर आले. नवा टेरिलिनचा शर्ट, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाच लिटरचा कॅन. फाटकावरच्या शिपायानं कॅन आत नेऊ दिला नाही; चिठ्ठी बांधून ठेवून घेतला, तेव्हा सरांचा जीव थोडा थोडा झाला. जालन्याचं पाणी असं परक्याच्या ताब्यात देताना ते तीनदा मागं वळून बघत होते. आत विभागप्रमुखांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हशीची चौकशी केली, तेव्हा सर असे काही लाजले की माझ्या लक्षात आलं, हे दोघं इतकी वर्षं एकमेकांना पुरते ओळखून होते. भट्टीच्या दालनाशी चपला काढून दुसरे जोडे घालावे लागतात. सरांना त्याचा फार आनंद झाला. बघ, इथं बी चपला काढतात, असं ते त्या मुलीच्या कानात म्हणाले आणि आपला आवाज आपोआप खाली आलाय हे ध्यानात येऊन माझ्याकडे बघून हसले. निळ्या पाण्यापुढे मात्र ते हसले नाहीत. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला आणि उभे राहिले. मुलगी त्यांच्या शेजारी. मी तो निळा रोज पाहत होतो, पण त्या दोघांच्या मागं उभं राहून पाहिला तेव्हा मला तो पुन्हा पहिल्यासारखा दिसला.

तिथून त्यांना माझ्या खोलीत आणलं. मेणानं भरलेल्या पिंपात न्यूट्रॉनचा एक अगदी अशक्त स्रोत, थोड्या अंतरावर मोजणीची नळी, आणि बाजूला काउंटर. मोकळ्या न्यूट्रॉनचं आयुष्य मोजायच्या मोठ्या प्रयोगाची ती पूर्वतयारी होती; काही न करता किती आकडा येतो हे आधी पक्कं करायचं, नाहीतर पुढचं सगळं मुसळ केरात. दर मिनिटाचा आकडा वाचायचं काम मुलीला दिलं. सरांना खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. वडीलधाऱ्याला, सोयऱ्याला लांबून नमस्कार करायची आमच्याकडे रीत नाही. जवळ जाऊन उभं राहायचं असतं. सुरक्षेसाठी जमिनीवर आखलेल्या रेषेला पायाचे अंगठे लावून ते नळीकडे तोंड करून, हात बांधून उभे राहिले. आणि आकडा वाढायला लागला.

फार नाही, पण वाढला, आणि खाली येईना. एक मिनिट म्हणजे चढउतार समजता येतो; पण मिनिटामागून मिनिट तेच. मी तारा तपासल्या, वीजपुरवठा तपासला, पिंपाचं झाकण पाहिलं. पुढच्या आठवड्यात खरा प्रयोग सुरू व्हायचा होता. घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला. सरांचं कशाकडेच लक्ष नव्हतं. शेवटी मुलगी आकड्यांवरची नजर न काढता म्हणाली, "सर, तुम्ही जरा मागं सरका बरं."

सर दारापर्यंत मागं गेले. आकडा खाली आला. तिनं त्यांना पुन्हा रेषेपाशी बोलावलं. आकडा चढला. त्या बसस्टँडवरच्या दोन बाया तिला आठवल्या होत्या, आणि मला, एवढी वर्षं हेच काम करणाऱ्याला, तारांमध्ये शोधत बसावं लागलं होतं. माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. नळीच्या बाजूनं जे न्यूट्रॉन निघून जायचे, ते सरांच्या अंगातल्या पाण्यात धडका खाऊन, दमून, मागं वळून नळीत येत होते. कॅरमच्या सोंगट्यांवर सरांनी जे शिकवलं ते त्यांच्याच अंगात चाललं होतं. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण सरांना काही सांगायची गरज नव्हती. ते लाल आकड्यांकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं.

"म्हंजे त्याला कळून राह्यलंय," ते म्हणाले. "मी आलोय ते कळून राह्यलंय." मग थोड्या वेळानं, रडता रडता हसून, "फाटकावर माझं पाणी ठेवून घेतलं. पर आतलं घेऊनच आलो की मी." आणि वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखं त्यांनी मला विचारलं, असाच पाव तास उभा राहू का. त्या दिवसाची मोजणी तशीही वाया गेली होती. विभागप्रमुख दाराशी आले, त्यांनी सरांना पाहिलं, काउंटर पाहिला, आणि जसे आले तसे पाय न वाजवता परत गेले. सर पाव तास तसेच उभे राहिले. मुलगी मिनिटामिनिटाला आकडा वाचत होती, आणि सर प्रत्येक आकड्याला मान डोलवत होते.

जालन्याला परत गेल्यावर सरांनी दंडक मोडला नाही, असं काकूंनी मला नंतर सांगितलं. स्वतः सगळं पाहून आले होते तरी मुलीला खुर्चीवर बसवलं, तिच्या वडिलांना शेजारी बसवलं, आणि स्वतः जमिनीवर बसून तिला सगळं विचारलं. "मी तर नुसता उभा व्हतो," म्हणाले, "बघणारी ती." ती मुलगी आज परदेशात न्यूट्रॉनचं आयुष्य मोजते. त्या मोजमापात अजूनही थोडी तफावत येते आणि ती का येते हे कुणालाच सांगता येत नाही. हे ऐकून सरांना केवढा आनंद झाला असता.

सर गेले तेव्हा मी दौऱ्यावर होतो. वेळेवर पोचू शकलो नाही, त्याची हळहळ आहे. आमच्या इथं मोजणी सुरू करायच्या आधी सगळ्यांना भिंतीपर्यंत मागं सरकायला सांगायची पद्धत आहे. हसत बोलत मुलं मागं जातात, खोली शांत होते, आणि चढलेला आकडा हळूहळू खाली येऊन स्थिरावतो. तोच बरोबर आकडा, तोच लिहून घ्यायचा असतो. मी तो लिहून घेतो. पण खाली येताना त्याच्याकडे बघितलं की दर वेळी मला वाटतं, रेषेपाशी उभं असलेलं कुणीतरी आत्ताच इथून निघून गेलं.